नान्नजच्या माळावर

विद्यालयाच्या वार्षिक अंकांत सहलीचा एखादा निबंध असावयाचाच आणि तो अरुणोदयाच्या वर्णनानें सुरू व्हावयाचा, अशी जुनी चाल आहे. आम्हांसही तीच वाट धरतां आली असती. परंतु ह्या वर्षींची हकीकत सांगण्यापूर्वीं गेल्या वर्षींच्या एका सहलीविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. कारण ती सहल आम्हां सर्वांची झाली, एकाची मात्र झाली नाहीं.

गेल्या वर्षीं आमचा वर्ग हिपरग्याच्या तलावावर गेला होता. सोलापूरच्या वाचकांस हा तलाव ठाऊक आहेच. आदिला नदीस मातीचा लांबलचक बांध घालून १८७१ सालीं तो पुरा करण्यांत आला; एकरुख तलाव हें त्याचें दुसरें नांव. हिंवाळ्यांत तेथें दूरदेशींचे पाणपक्षी उतरतात. निघण्याच्या आदल्या दिवशीं सरांनीं विचारलें, “सर्व जण येणार ना?” आमचा एक वर्गबंधु चाकांच्या खुर्चीवर बसून शाळेंत येतो. त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच आम्हीं तिघाचौघांनीं एका स्वरांत उत्तर दिलें, “सर, त्याला फार त्रास होईल.” सहलीच्या दिवशीं तो ग्रंथालयांत बसून राहिला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यास बदकांचीं, बगळ्यांचीं आणि बांधावरील वाऱ्याचीं वर्णनें ऐकविलीं. त्यानें तीं शांतपणें ऐकून घेतलीं आणि विचारलें, “बांधाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते कां रे?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. चाळीस मुलें तेथें जाऊन आलीं होतीं आणि एकासही तें सांगतां येईना. “पाहिलें नाहीं,” असें आम्हीं शेवटीं सांगितलें. “बरं,” एवढेंच म्हणून त्यानें पुस्तक उघडलें. तें ‘बरं’ आम्हांस वर्षभर बोंचत राहिलें.

ह्या आमच्या मित्राच्या पायांचे स्नायु जन्मतःच ताठ आहेत. हातांत मात्र बळ एवढें, कीं पंजा लढवितांना वर्गांतील धिप्पाड मुलेंही त्याच्यापुढें हार खातात. सरकारी कागदपत्रांत हल्लीं ‘दिव्यांग’ हा शब्द योजतात. त्यास तो फारसा रुचत नाहीं. “माझ्यांत दिव्य कांहीं असेल तर तें भूमितींत आहे,” असें तो म्हणतो, आणि तें खोटें नाहीं.

यंदा नान्नजचा माळ पाहावयाचें ठरलें, तेव्हां पहिला प्रश्न आम्हीं त्यासच केला, “येतोस कां?” तो म्हणाला, “वाट कशी आहे तें आधीं सांगा, मग सांगतों.” म्हणून सहलीच्या आधींच्या रविवारीं आमच्यापैकीं दोघे सायकलींवर बसून बार्शीच्या रस्त्यानें निघाले. नान्नज सोलापूरच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. खिशांत एक सुतळी होती. खुर्चीच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचें अंतर तीवर मापून, शिवाय चाकें फिरविणाऱ्या हातांपुरती दोन्ही बाजूंस जागा सोडून, मित्रानें स्वतः तीस गांठ मारून दिली होती. जेथें ही गांठ मावेल तेथून खुर्ची जाईल, असा हिशेब. आम्हीं फाटकें मापलीं, उंबरठे मापले. गाडी कोठपर्यंत येते, मुरूम कोठें संपतो आणि काळी माती कोठें सुरू होते, हें सर्व वहींत टिपून घेतलें आणि विजयी वीरांच्या थाटांत परत आलों. मित्रानें वही दोनदां वाचली आणि “येतों” असें सांगितलें. एक गोष्ट मापावयाची राहून गेली होती. तिची हकीकत पुढें येईल.

माळ म्हटला म्हणजे ओसाड व निरुपयोगी जमीन, अशी आपल्याकडे समजूत आहे. नान्नजचा माळ ज्यानें पाहिला त्याची ती टिकावयाची नाहीं. गुडघ्याएवढें पिंवळें गवत, मधूनमधून बोरीचीं झुडपें, आणि वर कोठेंही अडथळा नसलेलें आकाश. ह्या उघड्या रानाचा धनी म्हणजे माळढोक पक्षी. उंचीला सुमारें मीटरभर, नराचें वजन चौदा-पंधरा किलोपर्यंत. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार थोडेच असतील. मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते, त्यामुळें कुत्रीं, कोल्हे, गुरांचे खूर, सर्वच तिचे वैरी. १९७९ सालीं त्याच्याकरितां सोलापूर जिल्ह्यांत व शेजारच्या, तेव्हां अहमदनगर म्हटल्या जाणाऱ्या, जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झालें. त्याचा विस्तार आरंभीं सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यांत गांवेंच्या गांवें येत असल्यानें पुढें तो कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर ठेवण्यांत आला. राष्ट्रीय पक्ष्याचा मान माळढोकास मिळावा असें डॉ. सालिम अली ह्यांचें मत होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. आज रानांतील माळढोकांची सर्व देशांतील संख्या दीडशेंच्या आसपासच उरली आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. नान्नजला एखादा दिसला तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. तो आम्हांस दिसेल अशी आशा धरूं नका, असें सरांनीं आधींच बजावलें होतें.

गड्ड्याची यात्रा होऊन आठवडा झाला होता. रविवारीं पहांटे सहा वाजतां वडापची एक जीप ठरवून आम्ही सात जण आणि सर निघालों. मित्राच्या दाराशीं जीप उभी राहतांच आम्हीं चौघे त्यास उचलावयास धांवलों. तो म्हणाला, “कोणी हात लावूं नका. फक्त दार धरून ठेवा.” मग एक हात जीपच्या बैठकीवर, दुसरा दाराच्या कडेवर ठेवून त्यानें अंगास एक हेलकावा दिला आणि आंत जाऊन बसला. ह्यास अर्धा मिनिट लागला असेल. तेवढा वेळ हात बांधून उभें राहणें आम्हांस फार जड गेलें.

खुर्ची मिटून टपावर बांधली. अशी मिटणारी खुर्ची आली कोठून, हें सरांनीं वाटेंत सांगितलें. हर्बर्ट एव्हरेस्ट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थास १९१८ सालीं खाणींतील अपघातांत पाठीस इजा होऊन चालतां येईनासें झालें. त्या वेळच्या खुर्च्या अवजड, मोटारींत न मावणाऱ्या. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हा यंत्रविद्येंतला जाणता. त्या दोघांनीं मिळून १९३३ च्या सुमारास हलक्या पोलादी नळ्यांची, कात्रीसारखी मिटणारी खुर्ची तयार केली. आजच्या पुष्कळ खुर्च्यांची ठेवण तीच आहे. पुढें बोलणें कायद्यावर आलें. सार्वजनिक जागा सर्वांस वापरतां याव्या असें सांगणारा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलांत आला, असें सर म्हणाले. “तेव्हां मी पहिलींत होतों, सर,” मित्र म्हणाला, “आतां दहावींत आलों.” सर हंसले, पण पुढें कांहीं बोलले नाहींत.

माळावर वन खात्याचे एक रक्षक आमच्याबरोबर आले. आम्ही त्यांस मामा म्हणूं लागलों. मुरुमाची वाट होती तोंवर खुर्ची सुरळीत चालली. पुढें बैलगाडीच्या चाकोऱ्या लागल्या आणि पुढचीं लहान चाकें त्यांत रुतूं लागलीं. ह्या प्रसंगाची आम्हीं तयारीच करून ठेवली होती. चौघांनीं चार बाजूंस धरून खुर्ची मित्रासह उचलली आणि पालखीप्रमाणें चालूं लागलों. एकानें तर जयघोषही केला. वीस पावलें गेल्यावर त्याचाच पाय दगडावरून सरकला, पालखी एका अंगास कलली, आणि मित्राचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर पांढरे पडले.

“खालीं ठेवा,” तो म्हणाला. आम्हीं ठेवली. “आतां खुर्ची उलटी फिरवा आणि मला पाठीमागें ओढा.” तसें केल्यावर मोठीं चाकें आधीं येऊं लागलीं, तीं खळग्यांवरून सहज चढूं-उतरूं लागलीं, आणि लहान चाकें मागून नुसतीं फरफटत आलीं. एका मुलाचें काम! सरांनीं तेथेंच चाकाच्या व्यासाचा आणि अडथळ्याच्या उंचीचा संबंध समजावून दिला. “हें आधीं कां नाहीं सांगितलेंस?” असें आम्हीं विचारलें. “पालखी निघाली तेव्हां देवाला कोण विचारतो?” असें त्याचें उत्तर.

अशा रीतीनें तो माळ आमच्या मित्रानें उलटा पाहिला, म्हणजे आम्ही जें मागें टाकीत होतों तें त्याच्यासमोर होतें. काळविटांचा कळप आम्ही गेल्यावर वाट ओलांडून गेला, तो प्रथम त्यासच दिसला. त्याच्या ओरडण्यानें आम्ही वळलों, आणि त्याच ओरडण्यानें काळवीटही उधळले. मामांनीं दोघांसही गप्प बसण्याची ताकीद दिली: त्यास ओरडल्याबद्दल, आम्हांस हंसल्याबद्दल.

ह्या भागांत कांहीं ठिकाणीं रांगेनें उभीं असलेलीं झाडें दिसलीं. सर म्हणाले, “तीं गिरिपुष्पाचीं. उघडा माळ पाहून मागें भल्या हेतूनें लावलीं. पण माळढोकास उघडें रानच हवें असतें. दाट झाडी वाढली कीं तो तेथें यावयाचा नाहीं.” “म्हणजे माळाला कोणी विचारलें नाहीं,” मित्र म्हणाला. पालखी वाहिलेल्या चौघांनीं ह्यावर कांहीं मत दिलें नाहीं.

नऊच्या सुमारास एका पाणवठ्यापासून दूर, झुडपांच्या आड आम्ही बसलों. मामांच्या सांगण्याप्रमाणें घड्याळ लावल्यासारख्या पखुर्ड्या आल्या. हा पक्षी कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा; दिवसभर कोरड्या रानांत दाणे टिपतो आणि सकाळीं ठरलेल्या वेळीं थव्यानें पाण्यावर येतो. पिलें असलीं म्हणजे नर पाण्यांत बसून पोटाचीं पिसें भिजवून घेतो आणि तें पाणी कित्येक किलोमीटर उडत नेऊन पिलांस पाजतो. पाण्यावर ती सगळी मंडळी दोन-तीन मिनिटेंच थांबली असेल. आम्हीं आपापल्या बाटल्या काढल्या आणि आम्हीही पाणी प्यालों. आमच्या मित्रानें बाटली काढली नाहीं, हें नंतर आठवून पाहिलें तेव्हां आठवलें.

दुपारचें जेवण एका वर्गबंधूच्या मामांच्या शेतावर होतें. नान्नज परिसर द्राक्षांकरितां प्रसिद्ध आहे. लांब मण्याचीं ‘सोनाका’ द्राक्षें येथलींच. परंतु जानेवारींत सोलापूरच्या माणसास द्राक्षांपेक्षां हुरड्याची ओढ अधिक. आगटी पेटली होती. गुळभेंडी ज्वारीचीं कोंवळीं कणसें गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून, गरम दाणे समोर येत होते. सोबत शेंगांची चटणी, गूळ, आणि मडक्यांतील ताक. आम्हीं किती खाल्लें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. मित्र मात्र चार दाणे तोंडांत टाकून थांबला. ताकाचा पेला त्यानें शेजाऱ्याकडे सरकविला. त्याचे ओंठ कोरडे पडले होते आणि तो डोकें हातावर टेकून बसला होता. ऊन लागलें असेल, असें आम्हांस वाटलें. एकानें टोपीही पुढें केली.

शेताच्या धनीण, म्हणजे त्या वर्गबंधूच्या मामी, दाणे वाढावयास आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या. त्यांनीं हलक्या आवाजांत विचारलें, “पोरा, सकाळधरनं पानी पिलास का न्हाई?”

तो गप्प राहिला.

“काल रातीपासनं न्हाई न्हवं?”

त्यानें मान हलविली. मामी म्हणाल्या, “आमच्या आत्याबाईंचं असंच हुतं. अंगावरनं वारं गेलेलं. पाव्हणं यायचं म्हटलं की आदल्या दिशीपासनं पानी सोडायच्या. जाऊ कुठं, उठवील कोन, म्हनून.” एवढें बोलून त्या गोठ्याकडे गेल्या. थोड्या वेळानें त्यांच्या यजमानांनीं माळवदाच्या खोलींतून प्लॅस्टिकची एक जुनी खुर्ची आणली. तिच्या बैठकीस मधोमध गोल भोंक पाडलेलें होतें. ती गोठ्याच्या कोपऱ्यांत, हातानें धरतां येईल अशा एका मेढीशेजारीं ठेवली, खालीं घमेलें सरकविलें, आणि मामींनीं दोन दावणींस एक लुगडें आडवें बांधलें. सर्व मिळून दहा मिनिटें लागलीं असतील. मित्र आपली खुर्ची तेथवर घेऊन गेला. मामींनीं आम्हां सर्वांस विहिरीकडे पिटाळलें. “तिकडं जावा की ओ! इथं काय तमाशा हाय?”

विहिरीवर आम्ही उभे राहिलों. वहीतील तें पान आम्हां दोघांच्या खिशांत होतें: फाटक इतकें, उंबरठा इतका, मुरूम इतका. माणसास दिवसांतून अनेक वेळां जेथें जावें लागतें त्या जागेचें दार किती रुंद, आंत पायरी आहे कीं नाहीं, बसावयास काय आहे, ह्याची त्यांत एकही ओळ नव्हती. ती गोष्ट आमच्या डोक्यांतच आली नव्हती, कारण आम्ही कोणत्याही झाडाआड जाऊन येत होतों. सर चष्मा पुसत होते. “मींही विचारलें नाहीं,” ते म्हणाले.

परत आलों तेव्हां मित्र बाजेवर आडवा झाला होता आणि उशाशीं रिकामा तांब्या होता. दुसरा भरून येत होता. “सांगितलें कां नाहींस?” आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “तुम्ही एवढे वीस किलोमीटर सायकल मारून फाटकें मापून आलांत. त्यावर आणखी हें काय सांगावयाचें? आणि मला ह्यांत नवें कांहीं नाहीं. लग्नाला, जत्रेला, कोठेंही जावयाचें म्हणजे मी आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतों.” हें तो तक्रारीच्या सुरांत बोलला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तो वेळापत्रक सांगावें तसें बोलला. मग म्हणाला, “हुरडा संपला कीं काय?” मामींनीं आगटींत नवीं कणसें टाकलीं.

परतीच्या आधीं शेताच्या कडेच्या गवतापर्यंत जाऊं, असें ठरलें. कारण संध्याकाळीं तेथें भोवत्ये उतरतात असें मामांनीं सांगितलें होतें. अर्ध्या वाटेवर ‘फुस्स’ असा आवाज झाला. वेड्या बाभळीचा काटा खुर्चीच्या मोठ्या चाकांत शिरला होता. ही चाकें लहान मुलांच्या सायकलीसारखींच, आंत ट्यूब असलेलीं. आम्हीं चाक सोडविलें आणि एक जण तें घेऊन जीपनें गांवांतल्या पंक्चरवाल्याकडे गेला. तोंवर घोंगडी अंथरून मित्र खालीं बसला, म्हणून आम्हीही बसलों. बसल्यावर गवत आमच्या डोक्याबरोबर आलें. कुसळें कपड्यांत शिरत होतीं, आणि कोठून तरी माळटिटवी ओरडत होती.

सूर्य बाभळींना टेकला तेव्हां पहिला भोवत्या आला. गवतावरून अगदीं खालून, पंख उंच धरून, डुलत डुलत. मग दुसरा, मग पांच-सहा. हे शिकारी पक्षी मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांतून हिंवाळ्यापुरते आपल्याकडे येतात आणि रात्रीं झाडावर न बसतां अशा गवतांतच जमिनीवर एकत्र झोंपतात. पांढुरके नर, तपकिरी माद्या; घिरट्या घालून एकेक जण गवतांत उतरे आणि दिसेनासा होई. आम्हीं एकतीस मोजले. मित्रानें सव्वीस मोजले आणि आम्हीं पांच पुन्हां उठलेले दोनदां धरले असें सिद्ध करून दिलें. सरांनीं सव्वीस हा आंकडा वहींत लिहिला. चाक घेऊन जीप परत आली तेव्हां अंधार पडूं लागला होता, आणि चाक बसवितांना एका बॅटरीच्या उजेडांत सर्वांचीं डोकीं एकत्र आलीं.

माळढोक दिसला नाहीं, हें सांगावयाचें राहिलें.

रात्रीं मित्राच्या दाराशीं जीप थांबली. तो पूर्वींच्याच रीतीनें उतरून खुर्चींत बसला. ह्या वेळीं आम्हीं दार धरलें आणि दुसरें कांहीं केलें नाहीं. आंत जातां जातां त्यानें मागें वळून सुतळी मागितली. सोमवारीं ती शाळेंत परत आली, तेव्हां तीवर दोन गांठी होत्या. पहिली खुर्चीची. दुसरी कशाची, म्हणून आम्हीं विचारलें. “खुर्ची शेजारीं लावून बैठकीवर सरकतां यावें, एवढी जागा आंत हवी,” तो म्हणाला. “ही आधीं मापा. फाटक मागाहून.”

येत्या रविवारीं आम्ही तिघे हिपरग्यास जाणार आहों. मापण्याचें काम ह्या खेपेस त्याच्याकडे आहे. गाडी बांधाच्या पायथ्यापर्यंत जाते कीं नाहीं, तें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.